यंदा बसायचं की वर्ष थांबायचं?

२८ एप्रिल २०१६, गुरुवार. बारावीचे पेपर संपले होते आणि महाराष्ट्रातली विज्ञान शाखेची मुलं ५ मेच्या एमएचटी-सीईटीची शेवटची उजळणी करत होती. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की वैद्यकीय प्रवेश याच वर्षापासून ‘नीट’ या देशभरासाठीच्या एकाच परीक्षेच्या गुणांवर होतील. १ मे रोजी ठरलेली एआयपीएमटी ही देशपातळीवरची परीक्षा नीटचा पहिला टप्पा समजायची आणि उरलेल्यांसाठी २४ जुलैला दुसरा टप्पा घ्यायचा. सीईटी एका आठवड्यावर आली होती आणि नीटचा पहिला टप्पा तीन दिवसांवर.

५ मेला सीईटी ठरल्याप्रमाणे झाली. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि मेडिकल मिळून चार लाखांच्या आसपास मुलं तिच्यासाठी नोंदलेली होती. मेडिकलच्या इच्छेने बसलेल्यांपैकी एकालाही हे गुण चालणार की नाही हे ठाऊक नव्हतं. ९ मेला न्यायालयाने राज्यांची स्वतंत्र परीक्षेची मागणी फेटाळली. २४ मेला राष्ट्रपतींनी वटहुकमावर सही केली आणि राज्याच्या कोट्यातल्या जागा त्या एका वर्षापुरत्या राज्याच्या परीक्षेवर भरायला मोकळीक मिळाली. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी महाविद्यालयांचा व्यवस्थापन कोटा मात्र नीटकडेच राहिला. आधी परीक्षा झाली आणि तिचा उपयोग काय, हे एकोणीस दिवसांनी कळलं.

त्या मे महिन्यात घराघरांत एकच प्रश्न होता. यंदा जे हाती लागेल ते घ्यायचं, की एक वर्ष थांबून नव्या परीक्षेची पूर्ण तयारी करून बसायचं? हा प्रश्न त्या वर्षाबरोबर संपला नाही. परीक्षेचा नमुना, अभ्यासक्रम, वेळ किंवा जागावाटपाचा नियम बदलला की तो पुन्हा समोर येतो, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत यातलं काही ना काही सतत बदलत आलं आहे. बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर ‘पुढच्या वर्षी पेपर सोपा येईल की अवघड’ या अंदाजावर काढलं जातं. माझ्या मते सगळ्यात कमी वजन याच अंदाजाला द्यायला हवं. का, ते पुढे येईलच. आधी हे बदल कसे झाले ते पाहू.

महाराष्ट्रात १९९९पासून वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सीईटी होती. २०१० साली भारतीय वैद्यकीय परिषदेने देशभरासाठी एकच परीक्षा असावी असा नियम काढला. ती पहिल्यांदा झाली ५ मे २०१३ रोजी आणि महाराष्ट्राने त्या वर्षीचे प्रवेश तिच्यावर दिले. पुढे १८ जुलै २०१३ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी नीट रद्द केली. न्यायमूर्ती अनिल दवे यांचं मत विरोधात होतं. २०१४ आणि २०१५ला राज्यात पुन्हा सीईटी आली. ११ एप्रिल २०१६ला न्या. दवे यांच्याच अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या घटनापीठाने २०१३चा निकाल मागे घेतला आणि त्यानंतर अडीच आठवड्यांत वर सांगितलेला आदेश निघाला. ऑगस्ट २०१६मध्ये संसदेने कायदा केला आणि २०१७पासून राज्याच्या प्रवेशांसाठी नीट एकटीच उरली.

हा क्रम एका घराच्या नजरेने पाहा. थोरली २०१२ला बारावी झाली, तिने सीईटी दिली. मधला २०१३चा, त्याने नीट दिली. धाकटी २०१४ची, तिला परत सीईटी. थोरलीच्या वह्या मधल्याला अपुऱ्या पडल्या आणि मधल्याचा अनुभव धाकटीच्या फारसा कामी आला नाही. यातल्या एखाद्याने ‘पुढच्या वर्षी बसू’ म्हटलं असतं, तर तो निराळ्याच परीक्षेत जाऊन पडला असता.

आपल्याकडे ‘परीक्षा कधी द्यायची’ याचा अर्थ ‘कोणत्या वर्षी द्यायची’ एवढाच होतो. नीट वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यातल्या एका रविवारी होते. देशातल्या प्रवेशासाठी तिचे गुण त्याच वर्षी चालतात. परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठी ते तीन वर्षं ग्राह्य धरले जातात, पण आपल्या महाविद्यालयांसाठी नाही. म्हणून थांबण्याची किंमत आपल्याकडे कमीत कमी पूर्ण एक वर्ष असते.

अमेरिकेत हाच प्रश्न २०१५ साली फार वेगळ्या रीतीने उभा राहिला. तिथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं आणि त्यासाठी एमकॅट नावाची परीक्षा द्यावी लागते. तिचा पूर्वज म्हणजे १९२८ साली फ्रेड मॉस यांनी तयार केलेली चाचणी. पहिल्या वर्षांत गळणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण कमी करणं हा तिचा हेतू होता. एमकॅट संगणकावर होते, जानेवारी ते सप्टेंबरमध्ये तिच्या अनेक तारखा असतात आणि तिचे गुण बरीच महाविद्यालयं दोन-तीन वर्षं स्वीकारतात. २०१५ला तिची मोठी पुनर्रचना झाली. जैवरसायनशास्त्राचं वजन वाढलं आणि मानसशास्त्र व समाजशास्त्राचा एक संपूर्ण विभाग नव्याने आला. परीक्षेचा दिवस मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांच्या घरात गेला. जुनी मोजपट्टी तीन विभागांत प्रत्येकी १ ते १५ अशी होती. नवी चार विभागांत प्रत्येकी ११८ ते १३२, म्हणजे एकूण ४७२ ते ५२८ झाली.

बदल मोठाच होता, पण त्याला २०१२च्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली होती. जुन्या नमुन्याची शेवटची परीक्षा जानेवारी २०१५मध्ये आणि नव्याची पहिली एप्रिल २०१५मध्ये होणार, हे त्या पिढीला पदवीचे विषय निवडतानाच माहीत होतं. नव्या विषयांसाठी खान अकादमीवर मोफत व्हिडिओ आले आणि नमुना प्रश्न आधीच प्रसिद्ध झाले. मग प्रत्येकाला आपापला हिशोब करता आला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र झालेलं आहे पण मानसशास्त्राला हात लावलेला नाही, तो जानेवारीच्या आत जुनी परीक्षा उरकून घेई. मानसशास्त्र शिकलेलीला नव्या परीक्षेची वाट पाहणं परवडे. मोजपट्टी मुद्दामच इतकी वेगळी ठेवली होती की जुन्या ३० गुणांचं नव्यात थेट रूपांतर कुणी करू नये. महाविद्यालयांनी दोन्ही प्रकारच्या उमेदवारांची तुलना पर्सेंटाइलवर केली, म्हणजे त्या मुलाच्या मागे किती टक्के मुलं आहेत यावर.

या शेवटच्या मुद्द्यात आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. वैद्यकीय जागा गुणांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळते. पेपर सगळ्यांना अवघड गेला की सगळ्यांचे गुण उतरतात आणि रांग बरीचशी तशीच राहते. हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे. २०२४च्या नीटमध्ये ७२०पैकी ६०० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारी मुलं देशात ऐंशी हजारांच्या आसपास होती. २०२५ला भौतिकशास्त्राचा पेपर इतका कठीण निघाला की पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ गुण होते आणि सहाशे ओलांडणारे सगळे मिळून दीड हजारांच्याही आत होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२वरून १४४वर आली. २०२४ला ५८० गुण मिळाले म्हणून निराश झालेल्या मुलीने २०२५ला ५५० मिळवले असतील, तर तिचे गुण तीसने घटले, पण ती रांगेत कितीतरी पुढे आली. नुसत्या गुणांकडे पाहणाऱ्या घरात मात्र निकालाच्या संध्याकाळी रडारड झाली असणार. म्हणून कोणत्याही दोन वर्षांची तुलना करताना अखिल भारतीय क्रमांक, राज्याचा क्रमांक आणि आपल्या प्रवर्गातला क्रमांक एवढंच पाहावं. ‘गेल्या वर्षी इतक्या गुणांना जागा मिळाली’ हे वाक्य नमुना बदललेल्या वर्षी बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतं.

मग बदलाने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि खोल पडतो. बदल सगळ्यांवर सारखा कोसळत नाही तेव्हा रांग हलते. २०१६चंच उदाहरण घ्या. सीईटी बारावीच्या, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती. नीट अकरावी आणि बारावी दोन्हींवर, एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या वळणाने जाणारी. आपल्याकडे अकरावीचं वर्ष दहावीच्या दमछाकीनंतरचा विसावा मानण्याची सवय मुरलेली होती, कारण सीईटीत अकरावी विचारलीच जात नव्हती. नीटचा जवळपास निम्मा भाग अकरावीचा. प्राणी आणि वनस्पतींचं वर्गीकरण, पेशीविज्ञान, मानवी शरीरक्रिया, भौतिकशास्त्रातली गतीची आणि ऊर्जेची मूळ प्रकरणं, रसायनशास्त्रातला मोल आणि समतोल हे सगळं अकरावीत असतं. सीबीएसईच्या मुलाला ही उजळणी होती. राज्य मंडळाच्या अनेक मुलांना हे नव्याने शिकायचं होतं, आणि सीईटी झाल्यावर २४ जुलैपर्यंत हातात बारा आठवडेही नव्हते. असा बदल एका गटाला मागे रेटतो. २०१६ला ज्यांना राज्याच्या कोट्यातून सीईटीवर जागा मिळत होती, त्यांनी ती तेव्हाच घेणं शहाणपणाचं होतं. ज्यांना मिळत नव्हती आणि अकरावी कच्ची होती, त्यांच्यासाठी २०१७ हे थांबण्याजोगं वर्ष होतं, कारण त्यांची उणीव वर्षभरात भरून निघणारी होती.

निगेटिव्ह मार्किंगची गोष्ट अगदी निराळी आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण जात नव्हते, नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ मिळतात आणि चुकल्यास १ जातो. आपल्या मुलांनी याची जबरदस्त धास्ती घेतली. शिक्षकही सांगू लागले की खात्री नसेल तर गोळा रंगवू नका. पण हिशोब करून पाहा. चार पर्यायांतला एक निव्वळ अंदाजाने निवडला, तर सरासरी चार प्रश्नांतला एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. ४ मिळाले, ३ गेले, तरी १ गुण उरला. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तीन प्रश्नांमागे २ गुण उरतात. दोन बाद झाले तर दोन प्रश्नांमागे ३. अगदी आंधळ्या अंदाजाच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यात नशिबाचा हेलकावा मोठा असतो आणि वेळही जातो. पण निम्मे पर्याय बाद झालेला प्रश्न कोरा सोडणं हे नक्की नुकसान आहे. एवढी समज यायला आठ-दहा सराव पेपर पुरतात. निगेटिव्ह मार्किंगला घाबरून वर्ष थांबणाऱ्याने पंधरा दिवसांच्या कामासाठी बारा महिने मोजलेले असतात.

वेळेचा बदल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. २०२१ला नीटमध्ये पर्यायी प्रश्न आले, दोनशेंतले १८० सोडवायचे. २०२२पासून वेळ तीन तासांवरून तीन तास वीस मिनिटं झाली. म्हणजे एका प्रश्नाला साठऐवजी सुमारे सदुसष्ट सेकंद मिळू लागले, शिवाय न येणारे प्रश्न बाजूला टाकण्याची मुभा होती. जानेवारी २०२५च्या अखेरीस नीट घेणाऱ्या एनटीएने जाहीर केलं की हे सगळं गेलं आणि पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटं. परीक्षा होती ४ मेला. २०२४च्या जूनमध्ये ड्रॉप घेतलेल्या, म्हणजे वर्षभर थांबायचं ठरवलेल्या मुलांनी सात महिने ज्या पेपरचा सराव केला, तो पेपर आलाच नाही. ज्याला गणितं येतात पण सावकाश येतात, त्याला सर्वात मोठा फटका बसला. सात सेकंद दिसायला क्षुल्लक वाटतात, पण भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांत ती पाच मिनिटं होतात आणि पाच मिनिटांत चार-पाच प्रश्न सुटतात. वेग वाढवता येतो, पण त्याला तीन-चार महिन्यांचा रोजचा सराव लागतो.

पुस्तक बदलण्याचा धोका मात्र रिपीटर मुलांच्या लक्षातच येत नाही. २०२४च्या पेपरात अणूंबद्दल दोन विधानांचा प्रश्न होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असं दुसरं विधान होतं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झाली होती. जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्यांनी दोन्ही विधानं बरोबर ठरवली आणि नव्यावर केलेल्यांनी दुसरं चूक ठरवलं. एनटीएने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं आणि २३ जुलै २०२४ला नव्या पुस्तकाचं उत्तर तेवढंच ग्राह्य ठरलं. जुनं उत्तर देणाऱ्या चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले, मिळालेले चार आणि वर उणे एक. निकाल पुन्हा लागला तेव्हा ७२०पैकी ७२० मिळवणारे फक्त १७ उरले. एका शब्दाच्या दुरुस्तीने एवढं झालं, आणि ज्यांच्या कपाटात मोठ्या भावंडाचं पुस्तक होतं ती मुलं त्यात सापडली. याच परीक्षेचा अभ्यासक्रम ऑक्टोबर २०२३मध्ये बदलून जाहीर झाला होता. बरेच घटक वगळले होते आणि काही नवे घातले होते. त्या वर्षी ड्रॉप घेतलेल्यांनी जूनपासून चार महिने जे घोटलं, त्यातला काही भाग वाया गेला.

भाषेचा बदल आपल्याकडे अपेक्षेपेक्षा हलका ठरला. २०१७पासून नीट मराठीतही देता येते, पण कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान इंग्रजीतच शिकवलं जात असल्याने फार थोडी मुलं मराठी पेपर निवडतात. हा दोष परीक्षेचा नाही. दोन वर्षं इंग्रजीत शिकलेल्या मुलाला परीक्षेच्या दिवशी मराठी संज्ञा देऊन त्याचा भार हलका होत नाही.

आता रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. तिथे जागा असतात, आणि जागांचे नियम पेपरपेक्षाही अचानक बदलतात. राज्याच्या कोट्यातल्या ८५ टक्के जागांवर अनेक वर्षं ७०:३० हे सूत्र होतं. महाविद्यालय ज्या विभागात, त्या विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा आणि बाकीच्या राज्याला ३० टक्के. विभाग तीन: मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, त्यामुळे लातूर-नांदेडच्या तयारीच्या मुलांना आपल्याच गुणांची किंमत कमी मिळते अशी जुनी तक्रार होती. सप्टेंबर २०२०मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द केल्याचं विधिमंडळात जाहीर केलं. त्या वर्षीची, कोविडमुळे पुढे गेलेली नीट १३ सप्टेंबरला, म्हणजे आठवड्याभरात होणार होती. एका घोषणेने मराठवाड्यातल्या मुलाला मुंबई-पुण्याच्या जागा खुल्या झाल्या, आणि मुंबई-पुण्याच्या मुलाचं गणित उलटं फिरलं. आरक्षणाच्या कायद्यातले बदलही असेच. मराठा समाजासाठीचं आरक्षण २०१८ला आलं, मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं आणि फेब्रुवारी २०२४मध्ये १० टक्क्यांच्या नव्या कायद्याने परतलं. दर वेळी प्रत्येक प्रवर्गातली रांग नव्याने लागली.

जागा वाढतातही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ इथे मिळून ९०० जागा होत्या. यातल्या बऱ्याच जागांची परवानगी प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना आली. जूनमध्येच ‘यंदा नाही जमत’ म्हणून प्रवेशप्रक्रियेतून बाहेर पडलेल्या मुलांना या जागा फक्त बातमीत दिसल्या.

जागांच्या नियमांचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही, म्हणून थांबण्याच्या निर्णयात त्यांना धरू नये, असं मी म्हणेन. ‘पुढच्या वर्षी जागा वाढणार आहेत’ हे कारण देऊन वर्ष थांबायला सांगणाऱ्या क्लासपासून दूर राहावं. जागा वाढल्या तरी बसणाऱ्यांच्या तुलनेत त्या थोड्याच असतात. २०२४ला २३ लाखांहून अधिक मुलं बसली, २०२५ला २२ लाखांहून अधिक, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा तेव्हा सुमारे एक लाख अठरा हजार होत्या. त्यातल्या परवडणाऱ्या, म्हणजे सरकारी, साधारण निम्म्या.

घोषणा आणि नियम यांतलं अंतरही ओळखायला शिकलं पाहिजे. जुलै २०१८मध्ये तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून नीट वर्षातून दोनदा आणि संगणकावर होईल. मोठ्या मथळ्याच्या बातम्या आल्या. आरोग्य मंत्रालयाने ग्रामीण मुलांचा मुद्दा पुढे केला आणि ऑगस्टमध्ये निर्णय मागे गेला. २०१९ची नीट कागदावर, एकदाच झाली. ‘दोन संधी मिळणार’ या भरवशावर जुलै २०१८मध्ये ज्यांनी ड्रॉप घेतला असेल, त्यांच्या हातात एकच संधी राहिली. २०२४च्या पेपरफुटीच्या वादळानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने परीक्षा टप्प्याटप्प्याने संगणकाकडे नेण्याची शिफारस केली, तरी २०२५ची नीट कागदावरच झाली. कायद्यात आहे ते पक्कं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदवी मंडळाचा अभ्यासक्रम त्या वर्षापुरता पक्का. एनटीएच्या माहितीपुस्तिकेत छापलं ते पक्कं, आणि राज्याच्या सीईटी सेलच्या पुस्तिकेतलं राज्यापुरतं पक्कं. मंत्र्यांचं भाषण, समितीचा अहवाल आणि व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ यांच्यावर मुलाचं वर्ष पणाला लावू नये.

मग ठरवायचं कसं? परीक्षा दिलेली मुलगी असेल, तर निकालानंतरच्या आठवड्यात तिने आपली उत्तरपत्रिका आणि अंतिम उत्तरसूची शेजारी घेऊन बसावं आणि गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला ते लिहावं. प्रकरणच वाचलेलं नव्हतं, वाचलं होतं पण समजलं नव्हतं, येत होतं पण वेळ पुरला नाही, येत होतं पण घाईत चुकलं. ही चार कारणं चार निरनिराळे सल्ले देतात. न वाचलेल्या प्रकरणांमुळे गेलेले गुण पुढच्या वर्षी सर्वात सहज परत येतात. वेळेमुळे गेलेले सरावाने येतात. समजलंच नव्हतं अशांचा आकडा मोठा असेल, तर त्याच क्लासमध्ये तेच पुन्हा ऐकून फरक पडत नाही, शिकण्याची रीत बदलावी लागते. आणि घाईतल्या चुका हाच मोठा भाग असेल, तर ते वर्षभर थांबण्याचं कारण होऊ शकत नाही. त्यानंतर हव्या त्या जागेच्या शेवटच्या क्रमांकापासून आपला क्रमांक किती दूर आहे ते पाहावं. दहा-वीस हजारांचं अंतर आणि न वाचलेली प्रकरणं एकत्र असतील, तर थांबण्यात दम आहे. अंतर काही लाखांचं असेल आणि बारावीचा अभ्यास मनापासून झालेला असेल, तर तिला दुसरा रस्ता मोकळेपणाने दाखवणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. तिचा अभ्यास कमी पडला असं तेव्हा म्हणू नये, कारण बावीस लाखांत एकवीस लाखांना एमबीबीएसची जागा मिळत नाही, ती नसतेच.

कायदा थांबण्याच्या आड येत नाही. किमान वय १७, वरची मर्यादा आयोगाने २०२२ला काढून टाकली, किती वेळा बसावं यावर बंधन नाही. म्हणूनच तिसरा, चौथा ड्रॉप घेणारी मुलं दिसतात. पहिल्या ड्रॉपला मी विरोध करणार नाही. दुसऱ्याच्या आधी मात्र घराबाहेरच्या, क्लासशी संबंध नसलेल्या एखाद्या शिक्षकाला तो गुणांचा कागद दाखवावा आणि मुलाशी एकट्याने बोलू द्यावं. हॉस्टेलच्या खोलीत दोन वर्षं काढलेलं मूल आईवडिलांपुढे ‘आता नको’ म्हणत नाही.

बदल करणाऱ्यांकडेही काही मागणं आहे. अमेरिकेतल्या मुलांना तीन वर्षांची सूचना मिळाली, आपल्या मुलांना २०१६ला तीन दिवसांची आणि २०२५ला तीन महिन्यांची. मूल अकरावीत पाय ठेवतं त्या जूनमध्ये, दोन वर्षांनी येणाऱ्या परीक्षेचा अभ्यासक्रम, प्रश्नसंख्या, वेळ आणि माध्यम ठरलेलं असावं आणि ते मधे बदलू नये. यात अवघड काहीच नाही. पेपरफुटी रोखण्यासाठी केंद्रं, वाहतूक, ओळख पटवण्याची पद्धत कितीही ऐन वेळी बदला, मुलाच्या अभ्यासाला त्याचा धक्का लागत नाही. अभ्यासक्रम आणि नमुना बदलला की लागतो, आणि तो सर्वात जास्त लागतो ते ज्यांच्याकडे बदल लगेच पचवून देणारा महागडा क्लास नाही त्यांना. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीपर्यंत सुधारित पुस्तक पोचायला लागतात तेवढे महिने तरी आधी सांगा, एवढीच ही मागणी आहे.

तोवर ज्यांना या जूनमध्ये ठरवायचं आहे त्यांनी दोन्ही दारं शक्य तितका काळ उघडी ठेवावीत. ड्रॉपचा विचार चालू असला तरी राज्याचा आणि केंद्रीय समुपदेशनाचा अर्ज भरावा, फेऱ्या पाहाव्यात, बीडीएस, बीएएमएस, नर्सिंग, फार्मसीचे पर्याय कागदावर ठेवावेत. नव्या महाविद्यालयांच्या परवानग्या अनेकदा याच काळात येतात. प्रत्येक फेरीत पसंतीक्रम भरण्याआधी जागा सोडण्याचे नियम वाचावेत, कारण ते फेरीगणिक कडक होत जातात. केंद्रीय समुपदेशनाच्या अगदी शेवटच्या, स्ट्रे फेरीत मिळालेली जागा न घेणाऱ्याची अनामत जप्त होते आणि त्याला पुढच्या नीटला बसू न देण्याचा नियम अलीकडच्या वर्षांत आला आहे. वर्ष थांबायचं पक्कं असेल, तर त्या फेरीत नाव घालू नये.